फरक रुपये ६० फक्त

समीक्षक व्हायला काय काय लागतं याची मला साधारण कल्पना आहे. साहित्य घेऊन एम. ए. लागतं, भुवई वर नेण्याचा सराव लागतो आणि 'आकृतिबंध' हा शब्द न अडखळता म्हणता यावा लागतो. माझ्याजवळ यांतलं काहीही नाही. मी बी. कॉम., तोही सेकंड क्लास. गेली एकवीस वर्षे बँकेत कारकुनी करतो आहे आणि माझं आजवरचं सगळं समीक्षण व्हाउचरच्या कोपऱ्यात बरोबरची खूण करण्यापलीकडे गेलेलं नाही.

तरीही हे संकट माझ्यावर आलं. आमच्या राहुरीच्या एका वाचनालयात दर हिवाळ्यात व्याख्यानमाला होते. व्याख्यानमाला म्हणजे तीन व्याख्यानं, पंचवीस खुर्च्या आणि अकरा श्रोते. यंदा 'मराठी प्रवासवर्णने' या विषयावर बोलणारे प्राध्यापक आठ दिवस आधी पडशाने आडवे झाले. वाचनालयाचे कार्यवाह बँकेत पासबुक भरून घ्यायला आले होते. काचेपलीकडे मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"तुम्ही अंदमानला जाऊन आलाय ना हो?"

"आलोय, पण ते २०१९ साली."

"मग झालं तर! बेटांवरच्या प्रवासवर्णनांवर बोला. बेटं काय कुठं पळून जात नाहीत."

हा युक्तिवाद राहुरीत खोडता येत नाही. आमच्याकडे मुळा नदी आहे, मुळा धरण आहे, कृषी विद्यापीठ आहे, ऊस आहे, कांदा आहे. फक्त समुद्र नाही. समुद्र बघायचा तर घाट उतरावा लागतो. त्यामुळे बोटीत बसून बेटावर जाऊन आलेला माणूस आमच्याकडे आपोआप तज्ज्ञ ठरतो. त्याच संध्याकाळी कार्यवाहांनी घरी एक गठ्ठा आणून टाकला. पुस्तकं, दिवाळी अंक, वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, सगळ्यांत अंदमान. म्हणाले, "वाचा आणि बिनधास्त टीका करा. लेखक कुणी येणार नाहीत."

मी वाचलं. आठ दिवस वाचलं. आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की अंदमानवर मराठीत तीन प्रकारचं लिहिलं जातं.

पहिला प्रकार निळा. यात समुद्र असतो आणि तो निळा असतो. सकाळी निळा, दुपारी गडद निळा, संध्याकाळी सांगता न येण्यासारखा निळा, आणि मग लेखक ते तीन पानं सांगतो. एका लेखात मी हा शब्द मोजला, चौतीस वेळा आला. (मोजणं हा माझा धंदाच आहे. नोटा नसल्या की मी शब्द मोजतो.) या प्रकारातला प्रवासी कधीच तिकीट काढत नाही. 'एक दिवस मनात आलं आणि निघालो' असं पहिलं वाक्य असतं, आणि दुसऱ्या वाक्यात तो बेटावर उतरलेला असतो. मधे रजेचा अर्ज नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही, मेहुण्याकडून उसने नाहीत. आमच्या बँकेत ज्या रकमेचा उगम सापडत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. निळ्या प्रकारातला अख्खा प्रवास सस्पेन्स खात्यात असतो.

दुसरा प्रकार गहिवराचा. हा सेल्युलर जेलच्या दारापासून सुरू होतो. लेखकाचा कंठ दाटून येतो, डोळे भरून येतात, पाय जड होतात. मला याची चेष्टा करायची नाही. तुरुंगाच्या सात पाकळ्यांपैकी आज तीनच उभ्या आहेत, आणि त्या तिन्हींमधल्या ओळीने चालणाऱ्या कोठड्या पाहून ज्याला काही होत नाही त्याने आपली नाडी तपासून घ्यावी. माझी तक्रार पुढच्या परिच्छेदाची आहे. तिथे लेखक हॉटेलात असतो आणि कोळंबीची तारीफ चाललेली असते. गहिवर आणि कोळंबी एकाच व्हाउचरवर पास करता येत नाहीत. निदान मधे एक कोरी ओळ तरी सोडावी.

तिसरा प्रकार अलीकडचा, स्वस्ताईचा. पाठीला सॅक लावायची आणि बेटामागून बेट पालथं घालायचं, तेही अमुक इतक्या हजारांत. रकमेवरच लेख बेतलेला. पहिल्यांदा वाचताना मला भरून आलं. म्हटलं, आला बाबा एकदाचा हिशेब मराठी साहित्यात! पण पुढे वाचत गेलो तसा आनंद ओसरला. हा तरुण शहाळंवाल्याला पन्नासचे चाळीस करायला लावतो आणि ते विजयासारखं लिहितो. खोलीवाल्या बाईला दोन रात्रींच्या भाड्यात तीन रात्री राहू द्यायला लावतो आणि त्यालाही विजय म्हणतो.

इथे माझ्यातला बी. कॉम. जागा झाला. पहिल्या वर्षाला पहिल्याच तासाला आम्हाला शिकवलं होतं की नोंद दुहेरी असते. एका बाजूला नावे पडलं की दुसऱ्या बाजूला जमा व्हावंच लागतं. तुझे दहा रुपये वाचले म्हणजे कुणाचे तरी दहा रुपये गेले, आणि ते कुणाचे, त्याला घरी किती पोरं, हे तुझ्या लेखात कुठेही नाही. निळ्या प्रवासवर्णनात हिशेब नसतो. स्वस्ताईच्या प्रवासवर्णनात तो असतो, पण एकेरी. आणि एकेरी नोंदीचा हिशेब ऑडिटर फेकून देतो.

आता वाचक म्हणतील, की साहित्यात रुपये-आणे-पै घुसवायचे म्हणजे दळणाच्या चिठ्ठीलाही वाङ्मय म्हणायचं का? थांबा. मी दोन साक्षीदार आणले आहेत.

पहिले साक्षीदार वरसईचे विष्णुभट गोडसे. यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापला गेला, प्रवास मात्र १८५७चा. घरात कर्ज झालेलं, उत्तरेकडे मोठा यज्ञ होणार आणि दक्षिणा मिळणार असं कानावर आलेलं, म्हणून हे गृहस्थ चुलत्याबरोबर पायी निघाले आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडले. झाशी पडली तेव्हा ते झाशीत होते. मिळवलेली दक्षिणा वाटेत लुटली गेली, पुन्हा मिळवली, पुन्हा लुटली गेली. शेवटी गंगेची कावड घेऊन घरी परतले. या पुस्तकात 'मनात आलं आणि निघालो' असं नाही. कर्ज झालं आणि निघालो, असं आहे. कमी खर्चात केलेल्या प्रवासाचं इतकं थरारक पुस्तक मराठीत दुसरं नाही, आणि ते थरारक का, तर कनवटीला काय आहे ते वाचकाला ठाऊक असतं. त्यामुळे झाडीत नुसतं पान हललं तरी गोडसे भटजींच्या आधी आपला हात कमरेला जातो.

दुसरे साक्षीदार सावरकर. 'माझी जन्मठेप' पुस्तकरूपाने १९२७ साली आलं. राजकारण बाजूला ठेवू, मी फक्त आकड्यांपुरतं बोलतो. हा माणूस ४ जुलै १९११ला अंदमानात उतरला, मद्रासहून 'महाराजा' नावाच्या बोटीने. गळ्यात बिल्ला, बिल्ल्यावर सुटकेचं साल १९६०. आम्ही बँकेतली माणसं मुदतपूर्तीच्या तारखा रोज बघतो. पण पन्नास वर्षांची मुदत, आणि ठेवलेली ठेव म्हणजे स्वतःचा देह, हे वाचलं की हातातला शिक्का तसाच राहतो. कोलूला जुंपलेल्या कैद्याने दिवसाकाठी तीस पौंड तेल काढायचं, असं त्या पुस्तकात आहे. तीस पौंड. त्या आकड्याशेजारी 'अमानुष' हे विशेषण लावून पाहा, विशेषणच लाजेल. अंदमानवरच्या सगळ्या निळ्या लेखांपेक्षा तो एक आकडा मला जास्त दाखवतो.

तेव्हा माझा सिद्धान्त असा ठरला, की प्रवासवर्णनातला जमाखर्च हेच त्याचं हृदय आहे. कुणी किती मोजले, कुणी घेतले, आणि ते मोजण्यासाठी आधी कुणी किती दिवस साठवले, एवढं सांगितलं की माणसं आपोआप दिसायला लागतात. लपवलं की उरतो फक्त समुद्र.

सिद्धान्त झकास होता. मी तो रात्री जेवताना सौ.ला ऐकवला. तिने शांतपणे ऐकलं, ताटात आमटी वाढली आणि म्हणाली, "अहो, मग तुमचा लेख?"

गठ्ठ्यात खाली तो होता. आमच्या संघटनेच्या वार्षिक अंकात छापून आलेला, 'अंदमान: एक निळे स्वप्न'. लेखक मीच. पहिलं वाक्य: 'एक दिवस मनात आलं आणि निघालो.'

तो छापून आला होता तेव्हा सौ.ने वाचला होता आणि एवढंच विचारलं होतं, "हे अंदमान कुठलं हो? मी कुठल्या अंदमानला गेले होते मग?" मी तेव्हा तो विनोद समजून हसलो होतो. या वेळी हसू आलं नाही. कारण जेवण झाल्यावर तिने कपाटातून एक दोनशे पानी वही काढली आणि गठ्ठ्यावर ठेवली. म्हणाली, "याच्यावर पण टीका करा. बिनधास्त."

ती तिची प्रवासातली खर्चाची वही होती. समीक्षक म्हणून मी तिचा क्रमाने परामर्श घेतो.

पान पहिलं. 'भिशी ५०० × २० = १०,०००. दुसरी भिशी ५०० × २० = १०,०००.' म्हणजे चाळीस महिने. मी जे 'मनात आलं आणि निघालो' म्हणून लिहिलं ते मनात यायला तिला तीन वर्षं चार महिने लागले होते. एलएफसीतून भाड्याचा काही भाग सुटणार होता. राहणं, खाणं, फिरणं या वीस हजारांवर होतं. पहिल्या भिशीचे पैसे तिने बँकेसमोरच्या पतसंस्थेत ठेवले होते. मी दुखावून विचारलं, "माझी बँक असताना?" तर म्हणाली, "तुमच्या बँकेत ठेवले असते तर तुम्हाला कळलं असतं, आणि पंखा आला असता." यावर टीका करायला जागा नाही. पंखा खरंच आला असता.

पान तिसरं. 'दौंडला मद्रासची गाडी. दशम्या, चटणी घरची. खर्च चहा फक्त.' गाव बदलून चेन्नई झालं तरी आमच्याकडे गाडी मद्रासचीच.

पान पाचवं, बोट. मद्रासहून समुद्रमार्गे सुमारे १२०० किलोमीटर, जवळजवळ तीन दिवस. माझ्या लेखात 'सागराच्या कुशीत तीन दिवस' असं आहे. वहीत असं आहे: 'उलट्या: यांना ५, मला २. लिंबं राहुरीहून १२. शेजारच्या बर्थवरच्या बाईला ४ दिली. तिने भात दिला, दोन वेळ.' ही बाई रंगतची. नवऱ्याच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मद्रासला आली होती, परत चालली होती. बंक क्लासमधले निम्मेअधिक लोक असेच होते, दवाखान्याला आलेले, परीक्षेला आलेले, लग्नाचं कापड घेऊन निघालेले. ती बोट म्हणजे त्यांची एसटी. आम्ही दोघं सॅक घेऊन त्यांच्या एसटीत शिरलो होतो आणि मी लेखात तिला 'सागरसफर' म्हटलं. चार लिंबं गेली, दोन वेळचा भात आला: दुहेरी नोंद म्हणतात ती हीच, वाचकहो. आणि ती बाई माझ्या लेखात नाही.

पान आठवं. 'जेलची तिकिटं २. बाहेर आल्यावर यांनी चहा मागितला नाही.' बस, एवढंच. मी त्या जागेवर दीड पान कंठ दाटवून घेतला आहे. मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, मी चहा मागत नाही याचा अर्थ काय होतो ते.

पान अकरावं, नील बेट. ३० डिसेंबर २०१८ला या बेटाचं नाव शहीद द्वीप झालं आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप. आम्ही जानेवारीत गेलो तेव्हा धक्क्यावरचे लोक अजून नीलच म्हणत होते. पोर्ट ब्लेअरचंही २०२४ साली श्री विजयपुरम झालं. तिथल्या फिनिक्स बेच्या धक्क्यावरून सरकारी बोटीने दोनेक तास. अंदमान-निकोबारची बेटं पाचशेच्या वर, पण वस्ती असलेली चाळीसच्या आत, आणि त्या वस्तीत आपल्या खिशाला झेपणारं बेट हेच. वहीत: 'सायकली २, दोन दिवस. रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, सगळं रामायण सायकलवर.' फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली शेतकरी कुटुंबं इथे वसवली गेली. अंदमानला लागणाऱ्या भाजीपाल्याचा मोठा भाग या बेटावर पिकतो. मी लेखात इथल्या किनाऱ्याची वाळू पाऊण पान लिहिली आहे. सौ. किनाऱ्यावर अर्धा तास बसली आणि मग बाजारात गेली. 'वांगी, भाव विचारला, घेतली नाहीत. बाईचं वाफ्याला पाणी कसं देता ते विचारलं. तिने हाताने दाखवलं.' दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि पाऊण तास बोलणं चाललं होतं. मी बाहेर सायकली धरून उभा होतो. मला कंटाळा आला होता, हेही लेखात नाही.

आणि त्याच पानावर, खाली:

'कांदा ४० रु. किलो. दादाला सांगायचं नाही.'

या ओळीपाशी मी थांबलो. बेटावर भाजी पिकते, पण कितीतरी माल बोटीने मुख्य भूमीवरून येतो आणि बोटीचं भाडं त्याच्या किमतीत बसतं. कांद्याचं तसंच. आणि त्याच हिवाळ्यात, डिसेंबरमध्ये, आमच्याकडे चाळीत ठेवलेला उन्हाळ कांदा किलोला रुपया-दीड रुपयावर आला होता. माझ्या मेहुण्याने, म्हणजे तिच्या दादाने, एक ट्रॉली बाजारात नेण्याऐवजी बांधावर ओतली होती, कारण गाडीभाडंसुद्धा सुटत नव्हतं. आम्ही परत आलो तेव्हा तो भेटायला आला. त्याने समुद्राचं विचारलं नाही, जेलचं विचारलं नाही. चहा पिता पिता एकच विचारलं, "ताई, तिकडं कांदा काय भाव गं?"

"लक्ष नव्हतं रे," सौ. म्हणाली.

जी बाई न घेतलेल्या वांग्यांचा भाव लिहून ठेवते तिचं कांद्याकडे लक्ष नव्हतं! दादाने तिच्याकडे एकदा पाहिलं, कप खाली ठेवला आणि उसाला पाणी द्यायचंय म्हणून उठला. त्याला उत्तर मिळालं होतं.

मी त्या खोलीत होतो. समोर बसलो होतो. आणि नंतर महिन्याभराने मी बसून समुद्र निळा होता असं लिहिलं.

का लिहिलं, याचं उत्तर समीक्षक म्हणून द्यायला हवं. लाज वाटली म्हणून. चाळीस महिन्यांची भिशी, बंक क्लास, उलट्या, दशम्या हे वार्षिक अंकात कसं लिहायचं? अंक ऑफिसर मंडळींकडेही जातो. तेव्हा मी खर्च लपवला. आणि खर्च लपवताना त्याच्याबरोबर रंगतची बाई गेली, वांगीवाली गेली, दादा गेला आणि ज्या बाईने मला तिथे नेलं तीही गेली. माझ्या साडेतीन पानी लेखात सौ.चा उल्लेख एकदाच आहे, 'पत्नीसमवेत'.

व्याख्यान झालं. चौदा श्रोते आले, विक्रमच. मी तीन प्रकार सांगितले, दोन साक्षीदार उभे केले, आणि मग 'एक निळे स्वप्न' या लेखावर कडक टीका केली. लेखक हजर असूनही त्याने हरकत घेतली नाही. त्यानंतर वहीतली पानं वाचली. कांद्याची ओळ सौ.ने वाचू दिली नव्हती, ती गाळली. (इथे छापली आहे ती विचारूनच. "आता छापा," म्हणाली, "त्याने तेव्हाच ओळखलं होतं.")

वहीत दोष एकच होता, आणि समीक्षकाने दोष लपवू नये. शेवटच्या पानावर एकूण जमा, एकूण खर्च, शिल्लक आणि त्याखाली लिहिलेलं: 'फरक रु. ६०. सापडत नाही.' आमच्याकडे दिवसअखेर कॅशमध्ये साठ रुपयांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही. इथे तो इतकी वर्षं उघडा पडला होता.

मला तो कुठे आहे ते ठाऊक होतं. सौ.चं माहेर माळकरी. लग्नाच्या वेळी तिच्या वडिलांनी माझ्याकडून हुंडा देणार-घेणार नाही आणि मांस-मच्छी खाणार नाही अशी दोन वचनं घेतली होती. फिनिक्स बेच्या धक्क्याबाहेर, परतीच्या दिवशी, ती सॅकवर डोकं टेकून झोपली असताना, समोरच्या टपरीवर एक तळलेला मासा होता. साठ रुपये.

मी भाषण संपवता संपवता ते सांगून टाकलं. सिद्धान्त मांडायचा आणि स्वतःचं व्हाउचर दडवायचं, हे बरं दिसलं नसतं. चौदा श्रोते हसले. सौ. तिसऱ्या रांगेत होती, ती हसली नाही. तिने पर्समधून पेन काढलं.

घरी आल्यावर मी भीत भीत वही उघडली. फरकाच्या ओळीवर काट मारली होती. त्याखाली: 'मासा (यांनी) ६०. उशिरा कळवलं. ताळा जुळला.'

आणि त्याखाली बारीक अक्षरात: 'एवढ्या लांब जाऊन एकच?'